बेवारस चांदी

१

सकाळी दहाला दुकान उघडायचं, काट्याच्या पेटीवरचं फडकं काढायचं, काचा पुसायच्या, कसोटीचा दगड धुऊन खिडकीत वाळत ठेवायचा. तेहतीस वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. मी सोनार नव्हे. घडवत काही नाही, विकत काही नाही. लोक जुन्या वस्तू घेऊन येतात आणि मी त्यांना सांगतो, चांदी आहे की नाही. एवढंच माझं काम. मागचं दार उघडलं की घर, त्यामुळे बायकोचा आवाज दिवसभर कानावर असतो. ती म्हणते, "दुनियेची चांदी ओळखता, आणि चहात साखर म्हणून मीठ घालता." एकदाच घातलं होतं, पण ते ती मला मरेपर्यंत ऐकवणार.

या कामात धातूपेक्षा माणसं जड. जो येतो तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मी भिंग लावलं की त्याचा श्वास थांबतो. म्हणून मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. वस्तू खोटी निघाली तर शांतपणे खोटी म्हणायचं, खरी निघाली तरी तितकंच शांतपणे. हळहळायचं नाही, अभिनंदनही करायचं नाही. पण तेहतीस वर्षांत मी वस्तूबद्दल खोटं कधी बोललो नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं असं मला वाटतं.

२

त्या बाई मंगळवारी सकाळी आल्या. साठीच्या पुढच्या, पाठ ताठ, केस नीट बांधलेले. पर्समधून त्यांनी एक पुरुषी रुमाल काढला, त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि आतली वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली.

साखळीला लावून खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाची डबी होती. आत यंत्र नव्हतं. पुढचं झाकण, मागचं झाकण, मध्ये नुसती पोकळी. बाहेरून काळी पडलेली. मी भिंग लावून सगळीकडे फिरवलं. चांदीच्या डबीला झाकणाच्या आत कुठंतरी कारखान्याचा छाप असतो. इथं काहीच नव्हतं.

"छाप नाही," मी म्हटलं.

"नसणारच. आमच्या घड्याळाची मूळ डबी फुटली होती. आईचा चांदीचा पेला होता, तो मोडून वडिलांनी ओळखीच्या कारागिराकडून ही नवी करून घेतली." मग त्या थांबल्या. "म्हणजे, ही आमची असेल तर."

"असेल तर म्हणजे?"

बाईंनी रुमालाची कड सरळ केली. मग एकदम सांगायला लागल्या, तेही इतक्या सपाट आवाजात की जणू दुसऱ्या कुणाचं वाचून दाखवताहेत.

"एक्केचाळीस वर्षांपूर्वी माझा दादा घरातून गेला. सव्वीस वर्षांचा होता. वडिलांशी भांडण झालं. तोंड दाखवू नकोस म्हणाले, तो निघाला. घड्याळ त्याच्या खिशात होतं. तीन महिन्यांनी नदीच्या खालच्या अंगाला एक माणूस सापडला. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खिशात घड्याळ होतं म्हणून पोलिसांनी वडिलांना बोलावलं. वडील एकटेच गेले. संध्याकाळी परत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, तो आपला नव्हे. घड्याळ गिलिटाचं आहे, आपलं चांदीचं होतं. ते चौकीतच ठेवून आलो."

"मग?"

"मग काय? त्या माणसाला बेवारस म्हणून लावलं मार्गी. आणि आम्ही दादाची वाट पाहायला लागलो. आई अजून पाहतेय. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलीय. रोज दिवेलागणीला विचारते, आला का गं? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली, छत्तीस वर्षं केली. कधीतरी लाइनवर त्याचा आवाज येईल म्हणून." त्यांनी रुमालाकडे बोट केलं. "गेल्या महिन्यात वडिलांची पेटी उपसली. त्यांच्या जुन्या कोटात हे निघालं. रुमालही त्यांचाच."

"चौकीत ठेवलं म्हणाले होते ना?"

"हो ना. कसं आणलं, का आणलं, मला काय माहीत? वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. भाऊ, तुम्ही फक्त एवढं सांगा. हे गिलीट आहे की चांदी?"

३

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. डबीवर काळ्या थराची पुटं होती, ती काढल्याशिवाय काही कळलं नसतं.

त्या गेल्या आणि मी डबी तळहातावर घेतली. एक गोष्ट मी नेहमी करतो, शास्त्र म्हणून नव्हे, सवय म्हणून. चांदी हाताची ऊब फार पटकन घेते. मुठीत धरून वीस आकडे मोजले की ती हाताइतकीच कोमट होते. मी वीस मोजले. मग पन्नास. मग मूठ तशीच ठेवून रस्त्यावरची रहदारी बघत बसलो. पाच मिनिटांनी डबी होती तितकीच गार होती आणि गार पडत चालला होता तो माझा हात. मनगटापर्यंत.

वय झालं, म्हटलं. रक्त हातापर्यंत पोचत नसेल. रक्तदाबाच्या गोळ्यांनी असं होतं, असं डॉक्टर म्हणालेच होते.

डबी कापडावर ठेवून मी हात चोळले, बाकीची कामं उरकली. तासाभरानं डबी उचलली तर कापडावर तिच्याएवढं गोल ओलं वर्तुळ उमटलेलं. मी डबी उघडली, आत बोट फिरवलं. कोरडी. बाहेरून पुसली. कोरडी. कापड मात्र पिळता आलं असतं.

"पाणी सांडलंस का गं इथं?" मी आत आवाज दिला.

"मी सकाळपासून तिकडं आलेच नाहीये," बायको म्हणाली. "तुमच्याच हातून सांडलं असेल. तुमचं लक्ष असतं कुठं?"

४

जेवण झाल्यावर मी काटा काढला. छाप नसलेल्या वस्तूला माझा पहिला भरवसा काट्यावर. जुना, दोन पारड्यांचा, काचेच्या पेटीतला. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्यानं डाव्या पारड्याखाली टांगून पाण्यात बुडवून तोलायची. पाण्यात कुठलीही वस्तू हलकी भरते. किती हलकी, त्यावरून धातू समजतो. चांदी थोडी हलकी होते, जर्मन सिल्व्हरसारखं गिलीट त्याहून जास्त. पण हलकी होतेच. यात श्रद्धेचा भाग नाही.

पंखा बंद केला. खिडकी लावली. हवेत डबी सेहेचाळीस ग्रॅम भरली. मग दोऱ्यानं बांधून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडली. तळाला टेकू दिली नाही, बाजूला लागू दिली नाही. आता डावं पारडं वर जायला हवं होतं.

ते खाली गेलं.

मी दोऱ्याची गाठ पाहिली. काट्याचा खिळा पाहिला. काटा रिकामा करून पुन्हा बरोबरीत आणला, पुन्हा डबी सोडली. पुन्हा खाली. उजव्या पारड्यात पाच ग्रॅमचं वजन घातलं. काटा हलला नाही. दहा. वीस. पन्नास घातलं, तरी डबीची बाजू खालीच. आता दोरा ताणून इतका बारीक झाला होता की त्यातून डास गुणगुणावा तसा आवाज येत होता. शंभरचं वजन ठेवलं, तरी तेच.

आणि मग मला दिसलं की दोरा सरळ खाली गेलेला नाही. ग्लासात तो तिरका झाला होता. माझ्या बाजूला. पाण्यात बुडणाऱ्यानं काठावरच्या माणसाकडे हात करावा, तसा.

मी मागं सरकलो. खुर्ची घसरल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी डबीची ओढ सुटली. उजवं पारडं वजनांसकट धाडकन खाली आदळलं. ग्लासातलं पाणी गढूळ झालं होतं. तळाला बोटभर गाळ बसत होता. बिजागरीत अडकलेली माती सुटली असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं. सेहेचाळीस ग्रॅमच्या डबीत मूठभर गाळ कसा मावेल, हा प्रश्न मात्र मी मोठ्यानं विचारला नाही.

काटा सोडून दिला. दगड घेतला. बिजागरीच्या आतल्या बाजूनं डबी दगडावर घासली, पांढरी रेघ उमटली, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला. गिलीट असतं तर थेंब हिरवट, मळकट झाला असता.

थेंब लाल झाला. ताज्या रक्तासारखा, भडक लाल. अस्सल चांदी.

५

त्या रात्री मला झोप येईना, एकच विचार घोळत होता. चांदी म्हणजे दादा एक्केचाळीस वर्षांपूर्वीच गेला. चांदी म्हणजे बापानं आपल्या पोराला ओळखलं आणि नाही म्हटलं. रागानं असेल, लाजेनं असेल. घरी जाऊन बायकोला कसं सांगू, असं वाटून असेल. बहुधा यातलं सगळंच. आणि ते पोर बेवारस म्हणून एकटं गेलं. आता हे कुणाला सांगायचं? छत्तीस वर्षं आवाजाला कान लावून बसलेल्या बाईला? अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला? त्यांच्याकडं काय उरलं होतं? एक वाट पाहणंच तर होतं.

बुधवारी बाई बरोबर दहाला आल्या. बसल्या नाहीत. दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभ्या राहिल्या.

"सांगा, भाऊ."

मी डबीकडे बघत म्हटलं, "गिलीट आहे. चांदी नाही."

त्यांचे हात काउंटरवरून घसरले. मला वाटलं त्या हसतील, रडतील. त्यांनी फक्त डोळे मिटले. मग म्हणाल्या, "म्हणजे बाबा खरं बोलले."

"हो."

"मग हे दुसऱ्याच कुणाचं तरी."

"हो, ताई."

"बिचारा," त्या म्हणाल्या. रुमाल त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. डबी तिथंच राहिली. "हे मी घरी नेऊन काय करू? आमचं नव्हे. तुम्हीच ठेवा, नाहीतर टाकून द्या."

त्या दारातून बाहेर पडल्या आणि दुकान एकदम गार झालं. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. बापानं एकदा नाकारलं होतं. दुसऱ्यांदा मी.

६

डबी मी खणात टाकून कुलूप घातलं. गुरुवारी सकाळी खण उघडेना, लाकूड फुगलं होतं. जोर लावून ओढला तर आतल्या तेहतीस वर्षांच्या चोपड्यांची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. मध्ये डबी, कोरडी ठणठणीत. खोलीभर नदीकाठचा वास. शेवाळाचा, जुन्या दोरखंडाचा.

छत गळतंय का पाहिलं. नळाची वाहिनी तपासायला माणूस बोलावला. तो तासभर भिंती ठोकत राहिला आणि म्हणाला, "काका, या बाजूला पाण्याची लाइनच नाही."

शुक्रवारी बायको माझ्या आधी दुकानात गेली होती. तिची हाक आली, पण नेहमीच्या आवाजात नाही.

"जरा इकडं या हो."

दाराच्या आतल्या बाजूला, फरशीवर, दोन पावलांचे ओले ठसे होते. अनवाणी. एकमेकांना चिकटून, बोटं बाहेरच्या दिशेला. चालत आल्याची खूण कुठंच नव्हती, गेल्याचीही नाही. कुणीतरी बंद दारासमोर खूप वेळ उभं राहावं, आपल्याला न्यायला येतील म्हणून, तसे ते ठसे होते. ठशांभोवती पाणी साचलं होतं. वरून ठिबकल्यासारखं.

बायकोनं फडकं आणलं नाही. भिंतीला टेकून ती मला म्हणाली, "त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं. काटा, दोरा, लाल थेंब. तिनं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "त्यांनी तुम्हाला चांदी विचारली होती. त्यांना काय झेपेल, ते कुठं विचारलं होतं?"

"त्या म्हातारीचा विचार केला गं."

"कळतंय मला. पण या पोराचा कोण करणार?" तिनं ठशांकडे बोट दाखवलं. पोर म्हणाली ती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, भिंत तिनं सोडली नव्हती. "जा. आत्ताच्या आत्ता जा. आणि दार उघडताना बाजूला उभे राहा."

मी बाजूला उभं राहून दार उघडलं.

७

बाईंचा पत्ता डबी ठेवून घेताना केलेल्या पावतीवर होता. तीन मजली इमारत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. जिना लाकडी, अरुंद, दुपारीही अंधारा. डबी खिशात होती आणि खिशाच्या बाजूची मांडी गारठून बधिर झाली होती.

पहिल्या वळणावर मला मागून पाऊल ऐकू आलं. मी थांबलो, तेही थांबलं. जिना पोकळ आहे, आवाज घुमतो, असं मी स्वतःला समजावलं. पण माझ्या पायात बूट होते, कोरडे. मागचं पाऊल ओलं होतं. मी वळलो नाही. कठडा धरून चढत राहिलो.

बाईंनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"बरोबर कुणी आहे का?"

"नाही."

"मला दोघं चढताहेत असं वाटलं." त्यांनी दार लावलं नाही. तसंच सताड ठेवलं.

मी डबी काढून त्यांच्या हातात दिली. "ताई, मी खोटं बोललो. ही चांदी आहे. अस्सल. मी दगडावर लावून पाहिली."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ डबीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं नुसते आवाज ऐकलेत मी. खोटं बोलायच्या आधी माणूस एक छोटासा श्वास घेतो. तुम्ही घेतलात. बाबांनीही घेतला होता, उंबऱ्यात. बावीस वर्षांची होते, तरी ऐकला होता मी तो."

"मग इतकी वर्षं..."

"ऐकला आणि सोडून दिला. सोपं होतं ते. आईही वाट पाहत होती, मीही पाहत होते, दोघींची सोबत होती." त्यांचा सपाट आवाज पहिल्यांदा तुटला. "आणि तो तिकडं पडलेला. आपलं कुणीतरी येईल म्हणून."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. मग म्हातारीचा, बारीक पण स्पष्ट:

"कोण आलंय गं?"

८

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. बाईंच्या आई त्यानंतर पाचव्या दिवशी झोपेत गेल्या. बाईंनी खेटे घालून बेवारशांची जुनी नोंदवही शोधून काढायला लावली आणि तिच्यात नावाऐवजी नुसता आकडा होता, त्यापुढं आपल्या भावाचं नाव लिहून घेतलं. माझ्या दुकानात पुन्हा कधी ओल आली नाही. हे सगळं दिवसाउजेडी झालेलं, दाखवता येण्यासारखं. त्या दुपारचं मात्र मी दाखवू शकत नाही. फक्त पाहिलं तेवढं सांगतो.

खोली लहान. एक पलंग, एक खिडकी, कपड्यांची दांडी. आई उशीला टेकून बसल्या होत्या, पाखराएवढ्या. बाईंनी काही न बोलता डबी त्यांच्या तळव्यावर ठेवली. मी उंबऱ्याच्या आत, भिंतीशी उभा होतो. माझ्या मागं बाहेरची खोली आणि उघडं दार.

आईंनी डबी पाहिली नाही. त्यांना फारसं दिसतही नसावं. बोटांनी तिची कड चाचपली, मग ती गालाला लावली.

"माझा पेला," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"यातनं दूध पाजायचे मी त्याला. कड चावायचा मेला." त्या हसल्या. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या बाजूला, उंबऱ्याकडे, माझ्यापेक्षा वीतभर उंच जागी.

माझ्या उजव्या बाहीवर थेंब पडला. मग दुसरा.

"अगं, बघत काय बसलीस?" आई लेकीला म्हणाल्या. रोजच्या घरगुती आवाजात, थोड्या वैतागून. "टॉवेल आण. नखशिखांत भिजलाय तो. डोकं पूस आधी, सर्दी होईल."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना काही दिसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी दांडीवरचा टॉवेल ओढला आणि माझ्या जवळून, उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथं थांबल्या. दोन्ही हातांत टॉवेल धरून त्यांनी टाचा उंचावल्या, धाकटी बहीण थोरल्या भावापर्यंत पोचायला उंचावते तशा, आणि हात वर नेले.

टॉवेल हवेत खाली आला नाही. कशावर तरी टेकला.

"कानामागं पण," आई पलंगावरून म्हणाल्या. "तिथं कधी पुसत नाही तो."

बाई पुसत राहिल्या. हळू, दाबून, मागं, मानेशी, पुन्हा वर. त्यांचे ओठ हलत होते, मला एकच शब्द ऐकू आला, दादा. टॉवेल मधोमध काळपट होत गेला, मग कडेपर्यंत. त्याच्या खाली, एका घडीच्या आडून, मला क्षणभर एक कान दिसला. तरुण माणसाचा, पाण्यानं पांढराफटक पडलेला. मी नजर खाली घातली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाईंच्या टाचा टेकल्याचा आवाज आला तेव्हा मी वर पाहिलं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. टॉवेलातून फरशीवर धार लागली होती. बाईंनी तो पिळला नाही, ठेवला नाही. छातीशी घट्ट धरून तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांचं सगळं अंग भिजत गेलं.